दारामागची निळी रेघ

तुझ्या आईच्या आत्याबद्दल सांग म्हणालीस ना, मग नीट बस आणि मी बोलते तसंच लिही. मध्ये मध्ये सुधारत बसू नकोस. मला अक्षर येत नसलं तरी वाचून दाखवताना तू काय गाळलंस ते मला बरोबर कळतं.

ती माझी नणंद. मी तिला वन्सं म्हणायचे, अहो-जाहो करायचे, कारण ती तुझ्या आजोबांपेक्षाही सहा वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही तिनं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "माप घेतलं होतं दोघातिघांचं, कुणी अंगाला बसेना." राहायची आमच्याकडेच, म्हणजे खरं तर आम्हीच तिच्याकडे राहायचो. घर भाड्याचं, पण भाड्याच्या पावतीवर नाव तिचं होतं, आणि घरातला शेवटचा शब्दही तिचाच.

कामाच्या ठिकाणी तिला सगळे मास्तरीण म्हणायचे. शाळेतली नव्हे. कपडे शिवायच्या कारखान्यात जो कापड कापतो त्याला मास्तर म्हणतात, आणि कापणारी बाई तिथं ती एकटीच. बस चालवणाऱ्यांचे, पहारेकऱ्यांचे कोट शिवायचे ते लोक. मी डबा द्यायला जायचे तेव्हा बघायचे. दहा पावलं लांब टेबल, त्यावर कापडाच्या चाळीस घड्या एकावर एक, आणि सगळ्यात वरच्या घडीवर ही बाई निळ्या खडूनं रेघ ओढणार. ती रेघ चुकली की एक नाही, चाळीस कोट वाया. म्हणून तिचे दोन नियम होते, आणि ते ती झोपेतसुद्धा मोडायची नाही. एक, कापडावर दोन रेघा ठेवायच्या नाहीत. नवी ओढायची तर जुनी आधी पुसायची, नाहीतर कात्री फसते. आणि दुसरा, माप जिथं संपतं तिथं रेघ ओढायची नाही, बोटभर बाहेर ओढायची. ते बोटभर कापड शिवणीत दडवायला लागतं. त्याला ते लोक माया म्हणतात. नवीन कामगार आला की ही ओरडायची, "अरे, माया सोड, माया! कोट माणसाला घालायचाय, खुंटीला नाही."

एवढी धीट बाई. एकदा कारखान्यात वायर जळाली, सगळे बाहेर पळाले, आणि ही मात्र कात्री पुसून, जागेवर ठेवून मग बाहेर आली. तिला मी घाबरलेली कधी पाहिली नव्हती. म्हणून तर पुढचे तीन महिने माझ्या इतके लक्षात राहिले.

तेव्हा ती एक्कावन्न वर्षांची. सुरुवात कशी झाली ते मला नंतर कळलं. कापडाचे तागे वर छतापर्यंत रचलेले असायचे. एका सकाळी तिनं वरचा तागा ओढायला उजवा हात वर केला, तर तो खांद्याच्या उंचीला येऊन अडकला. दुखत होतं म्हणून नव्हे. दार फुगून चौकटीत अडकतं ना, तसा. तिनं इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहिलं नाही याची खात्री केली आणि डाव्या हातानं दुसराच तागा काढला. दोन महिने कुणाला सांगितलं नाही. दोन महिने!

मला संशय आला तो केसांवरून. कमरेपर्यंत केस होते तिचे. एका संध्याकाळी मानेपर्यंत कापून आली.

"हे काय वन्सं?"

"उकडतं."

"थंडीत उकडतं?"

"तुझ्यासारखी मी चुलीपाशी नसते, म्हणून मला उकडतं," म्हणाली. आता याला काही अर्थ आहे का? मी नजर ठेवली. सकाळी तिच्या खोलीत गेले तर बाईसाहेब कोटाच्या एका बाहीत हात घालून दुसरी बाही दातांनी ओढत होत्या. मला बघितल्यावर दात सोडले आणि डोळ्यांत पाणी आलं. तिच्या डोळ्यांत! मी धरून नेली तिला मोठ्या दवाखान्यात.

हाडाच्या डॉक्टरनं हात उचलला, फिरवला, मागे नेला. तिचा चेहरा पांढराफटक. तो म्हणाला, "खांदा गोठलाय. होतं या वयात. तीन महिने रोज व्यायाम करायचा, दोन वेळा, न चुकता. तीन महिन्यांनी या. दंड कानाशी आला तर उत्तम. नाहीच आला, तर भूल देऊन आम्ही खांदा सोडवू. दहा मिनिटांचं काम आहे, घाबरू नका."

'भूल' शब्द कानावर पडला मात्र, वन्संनी माझं मनगट असं धरलं की नखं रुतली. चार दिवस खुणा होत्या.

घरी आल्यावर चहा केला, तो तिनं घेतला नाही. मी म्हटलं, अहो, दहा मिनिटांचं काम म्हणाले ना. तर म्हणाली, "आईलाही तेच म्हणाले होते."

हे मला तोवर माहीतच नव्हतं. माझी सासू मी लग्न होऊन यायच्या आधीच गेलेली. पोटात गाठ आहे, लहानशीच आहे, भूल देऊन काढू, असं सांगून आत नेलं. वन्सं तेव्हा एकोणीस वर्षांच्या. बाहेर बसून त्यांनी आईची शाल घडी करून मांडीवर धरली होती. गाठ निघाली, पण आई भुलीतून उठलीच नाही. "वहिनी," मला म्हणाली, "ती आत जाताना हसत होती गं. म्हणाली, चहाच्या वेळेपर्यंत येते."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मला झोपवू देऊ नकोस. हात तुटला तरी चालेल. मला झोपवू देऊ नकोस."

बस. तेवढंच होतं सगळं. तीन महिन्यांत दंड कानाशी यायला हवा, नाहीतर भूल. आणि भूल म्हणजे तिच्या लेखी मरण. मी कॅलेंडरवर ती तारीख तुझ्या आजोबांकडून गोल करून घेतली, आणि घरातला प्रत्येक जण येता-जाता त्या गोलाकडे बघायला लागला.

दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर व्यायामाची खोली होती. तिथं एक तरुण मुलगी शिकवायची, गालांवर खळ्या पडायच्या. आम्ही तिला ताईच म्हणायचो. तिनं डोक्यापासून सुरुवात केली. मान हळू फिरवायची, इकडून तिकडे. खांदे वर घ्यायचे, मागे न्यायचे, सोडायचे. कोपर, मनगट, बोटं, सगळे सांधे एकेक करून फिरवायचे. मग चांगला हात टेबलावर टेकून वाकायचं, दुखरा हात खाली मोकळा सोडायचा आणि ताटाएवढा गोल फिरवायचा, स्वतः जोर न लावता. मग टॉवेल पाठीमागून दोन्ही हातांनी धरायचा आणि चांगल्या हातानं दुखऱ्याला वर ओढायचं, अगदी हळू. गुडघे आणि घोटेसुद्धा सोडले नाहीत. वन्सं म्हणाल्या, "अगं, दुखतो खांदा आणि तू घोटा काय फिरवतेस?" तर ताई म्हणाली, "मावशी, एक सांधा रुसला की बाकीचे त्याच्या बाजूनं बोलायला लागतात. सगळ्यांची समजूत काढायची."

आणि शेवटी भिंत. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, दुखऱ्या हाताची बोटं भिंतीवर ठेवायची आणि मुंगी चढते तशी बोटांनी वर चढायचं. जिथं अडेल तिथं थांबायचं आणि खूण करायची. दुसऱ्या दिवशी त्या खुणेपर्यंत जायचं, जमलं तर थोडं वर. ताईनं बजावून सांगितलं होतं, "दुखायला लागलं की थांबा. इथं सहन करण्याला शाबासकी नाही." आम्ही दोघींनी मान डोलावली. डोलवायला काय जातं!

सकाळी दूध तापेपर्यंत आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या. ती हात लोंबकळत सोडून फिरवायची, मीही माझे गुडघे आणि घोटे फिरवायचे, कारण मला काय, आपलं दुखतच होतं कुठं ना कुठं. तुझे आजोबा टपाल वाटायला निघताना दारातून म्हणायचे, "चला, घरात लंबकाची दोन घड्याळं झाली. आता वेळ चुकायची नाही." वन्सं म्हणायच्या, "तू पत्रं नीट टाक. काल पलीकडच्याचं आमच्याकडे टाकून गेलास." पहिला आठवडा असा हसत गेला.

भिंतीचा व्यायाम मात्र ती एकटीच करायची, तिच्या खोलीत, दारामागे. खाली घरमालकीण राहायची आणि तिला भिंतीवर ओरखडासुद्धा खपायचा नाही. दार उघडं असलं की ती जागा झाकली जायची. म्हणून दार लावून घ्यायचं, रेघ ओढायची, बाहेर यायचं.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी बाहेर आली ती ओठ कोरडे करून.

"काय हो?"

"कालच्या रेघेपर्यंत पोचला नाही. एक बोट खाली राहिला."

"असू दे, थंडी आहे."

दुसऱ्या दिवशी परत तेच. एक बोट खाली. तिसऱ्या दिवशी, एक बोट खाली. चौथ्या दिवशी मी विचारलंच नाही, तोंडावर लिहिलेलं होतं. आणि पोरी, आता तू म्हणशील की आजी, रोज एक बोट खाली, तर महिन्याभरात हात कमरेशी यायला हवा होता, तुमच्या लक्षात कसं आलं नाही? नाही आलं. घाबरलेलं माणूस हिशोब करत नाही. मन चिंती ते वैरी न चिंती. तिला रोज सकाळी एकच दिसायचं, काल होतं त्यापेक्षा आज कमी. हात खाली चाललाय, तारीख जवळ येतेय.

मग तिनं दोन वेळचं पाच वेळा केलं. कारखान्यात ताग्यांच्या मागे जाऊन करायची. जड इस्त्री हातात धरून लोंबकळत ठेवायची, म्हणजे खांदा सुटेल म्हणून. हे तिथल्या काजवालीनं मला सांगितलं. ती कोटाला बटणांची काजं करायची, बोलकी बाई. म्हणाली, "वहिनी, तुमची मास्तरीण इस्त्री घेऊन कोपऱ्यात उभी असते आणि ओठ हलवत असते. कुणाशी भांडते का हो?" मी म्हटलं, भांडत नाही, मोजत असेल. 

जेवण कमी झालं तिचं. रात्रभर खाट कुरकुरायची. आणि एक दिवस मी तिच्या कपाटात उशीचे अभ्रे ठेवायला गेले, तर खाली एक गुंडाळी. सोडून बघते तर फ्रॉक. शिवलेले नव्हेत, नुसते कापलेले, टाचण्या लावून ठेवलेले. चार. एक लहान, दुसरा त्याहून मोठा, तिसरा त्याहून मोठा. मी जमिनीवर पसरले आणि मला कळलं. तुझी आई तेव्हा आठ वर्षांची होती. हे नऊचं, दहाचं, अकराचं आणि बाराचं माप. वाढत्या अंगाचा अंदाज घेऊन आत्यानं पुढच्या चार वर्षांचं कापून ठेवलं होतं. का कापून ठेवलं असेल, ते मला कुणी सांगायला नको होतं.  गुंडाळी होती तशी बांधली, जागेवर ठेवली आणि तिला काही बोलले नाही. त्या दिवशी स्वयंपाकात दोनदा मीठ घातलं मी. कुणीही काही म्हणालं नाही, यावरून बघ घराचं काय झालं होतं.

तारखेला पंधरा दिवस राहिले तेव्हा ती माझ्याकडे आली. दुपार होती, सुट्टीचा दिवस. म्हणाली, "वहिनी, तू ओढ."

"काय ओढू?"

"हात. मी भिंतीला पाठ लावून बसते. तू वर ओढ. मी ओरडले तरी सोडू नकोस."

"ताई काय म्हणाली आठवतं ना?"

"ताईला भूल द्यायची नाहीये, मला द्यायचीय!"

मी नको म्हणायला हवं होतं. हे लिही तू, अगदी असंच लिही. मी नको म्हणायला हवं होतं. पण मला ते चार फ्रॉक दिसत होते. मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले, मनगट धरलं, कोपर धरलं आणि ओढला. ती ओरडली नाही. तिनं पदराचा बोळा... नाही, चुकले, रुमाल, तोंडात रुमाल कोंबला होता. मी अजून ओढला आणि आत काहीतरी कट्कन वाजलं. ओली काटकी मोडते ना, तसं. तिचे डोळे वर गेले आणि मान एका बाजूला पडली.

मला वाटलं मेली. खरंच वाटलं. मी तिच्या तोंडातला रुमाल काढला, तोंडावर पाणी मारलं, हाका मारल्या, वन्सं, वन्सं, आणि माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा. क्षणभरानं तिनं डोळे उघडले. पहिला शब्द काय, तर, "गेला का वर?"

हात वर कुठला जातोय, आता तर तो जागचा हलेना. सूज आली, गरम झाला. तुझ्या आजोबांना आम्ही सांगितलं, जिन्यात घसरली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं, आणि बर्फ आणायला निघून गेले. त्यांचं ते न विचारता जाणं मला शिव्यांपेक्षा जड गेलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच ताईकडे गेले आणि सगळं ओकले. तिच्या गालांवरच्या खळ्या गेल्या. म्हणाली, "तुम्ही दोघींनी मिळून काय केलंत हे?" मी रडायला लागले तेव्हा जरा नरमली. "नस दुखावली असती तर बोटं हलली नसती. बोटं हलतात ना? मग आठवडाभर भिंत बंद. नुसता लोंबकळता गोल, तोही बशीएवढा. आणि त्या भिंतीपाशी काय करतात त्या, ते आता तुम्ही स्वतः डोळ्यांनी बघा. रोज एक बोट खाली येतो म्हणे. मी इतक्या वर्षांत असा खांदा पाहिलेला नाही."

घरी आले. वन्सं खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी खिडकी लावली आणि दार ढकललं, जरा अंधार होऊन झोप लागावी म्हणून. तर दारामागची भिंत समोर आली. मी आजवर ती नीट बघितलीच नव्हती.

तिच्यावर शेवटची एक निळी रेघ होती, ती स्पष्ट. पण तिच्या खाली डाग होते. पुसलेल्या खडूचे, फिकट, निळसर. नियम ना तिचा, एका वेळी एकच रेघ. रोज जुनी पुसायची. पण खडू पुसला तरी पांढऱ्या भिंतीवर सावली राहतेच. पोरी, मला अक्षर वाचता येत नाही, पण डाग वाचता येतात. जन्म कपडे धुण्यात गेला. आधीचा कुठला, नंतरचा कुठला, मला विचार. सगळ्यात जुना, पार विरलेला डाग माझ्या खांद्याशी होता. त्याच्या वर दुसरा, त्याच्या वर तिसरा, आणि असे चढत चढत ताजे डाग माझ्या डोक्याच्या वर गेले होते.

मी म्हटलं, "वन्सं, हात रोज खाली येतोय म्हणता. मग भिंतीवर वर कोण चढलंय?"

तिनं मान वळवली. बघितलं. म्हणाली, "पुसताना डाव्या हातानं फरफटलं असेल वर." बघ, भीतीकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार असतं.

"बरं, मग मला करून दाखवा. माझा हात चांगला आहे ना? माझ्या हातावर दाखवा तुम्ही कसं करता ते."

कुरकुरत उठली. मी भिंतीला हात लावला, बोटं वर चढवली, ताणून थांबले. तिनं डाव्या हातात खडू घेतला आणि झर्रकन रेघ ओढली. मी बघत होते. रेघ माझ्या बोटांच्या टोकाला नव्हती. बोटभर वर होती.

मी हात खाली घेतला, झटकला, म्हटलं, "आता परत चढते हं." चढले. तेवढेच. रेघ बोटभर वर.

"अगंबाई," मी म्हटलं, "माझा हात तर पाच मिनिटांत एक बोट खाली आला! मलाही देतात का बघा भूल!"

ती रेघेकडे बघत राहिली. मग खडूकडे. मग माझ्या बोटांकडे. तिचा चेहरा कसा झाला ते मला सांगता यायचं नाही. हळू आवाजात म्हणाली, "मी माया सोडत होते." आणि मटकन खाली बसली.

तीस वर्षांची सवय गं. हात मापाशी नेला की खडू आपोआप बोटभर पुढे जाणार. तिला कळतसुद्धा नव्हतं. आणि आदल्या रेघा पुसलेल्या, म्हणून वर चाललोय हे दिसायला काही उरलेलंच नाही. रोज स्वतःच्याच रेघेला एक बोट कमी पडायची आणि रोज मरायची.

मला वाटलं आता हसेल. हसली नाही. उलट जास्तच घाबरली. माझा हात धरून म्हणाली, "म्हणजे तो बरा होत होता. वहिनी, तो बरा होत होता आणि आपण ओढला."

या वाक्यावर माझी पाचावर धारण बसली. खरंच होतं ते. चौदा दिवस हातात, त्यातला आठवडा भिंत बंद, आणि खांदा भाजलेल्या बटाट्यासारखा गरम.

तो आठवडा आम्ही कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. बशीएवढा गोल. मान, मनगट, घोटे. बशीएवढा गोल. मध्येच ती म्हणायची, "जरा मोठा करू?" आणि मी पोळपाटावरून ओरडायचे, "बशी म्हणजे बशी! परात नाही!" सूज उतरली. आठव्या दिवशी भिंतीपाशी गेलो. मी अट घातली होती, रेघ मी मारायची, तिनं खडूला शिवायचं नाही आणि भिंतीकडे बघायचंसुद्धा नाही. तिनं डोळे मिटले. बोटं चढली आणि जुन्या वरच्या डागाच्या चार बोटं खाली थांबली.

"किती?" तिनं मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"वरण करपतंय," असं म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. वरण नव्हतंच शेगडीवर. मला तिच्याशी खोटं बोलवेना आणि खरंही सांगवेना. पुढचे सहा दिवस मी रोज काही ना काही करपवत होते. हात चढत होता, पण कसा, तर गोगलगाईनं लाजावं असा.

तारीख आली. ताईही वर आली आमच्याबरोबर. बाहेर बाक होता, पण वन्सं बसल्या नाहीत. दोन तास उभ्या. मी मनात एकच घोकत होते, माझ्यामुळे नको, माझ्या ओढण्यामुळे नको.

आत गेलो. डॉक्टर म्हणाला, "करा हात वर."

तिनं श्वास घेतला आणि हात सोडला वर. खांद्याच्या वर गेला. गालाच्या पुढं गेला. मग थरथरायला लागला. कपाळावर घामाचे थेंब. डोळ्यापर्यंत, कपाळापर्यंत, आणि दंड कानाकडे सरकता सरकता अडला. कान आणि दंडामध्ये अंगठ्याएवढी फट राहिली. मी ती फट बघत होते. ताई बघत होती. डॉक्टर कागद बघत होता, आणि नुसताच म्हणाला, "हं."



मग तो उठला, फटीत आपलं बोट घालून बघितलं, पाठीमागून खांद्याचं हाड दाबलं. "चांगलाय. उरलेला व्यायामानं येईल. भुलीची गरज नाही. घ्या खाली."

वन्संनी हात खाली घेतला नाही.

"बाई, झालं. घ्या खाली हात."

"आधी लिहा," ती म्हणाली. दात एकमेकांवर आपटत होते तिचे.

"काय लिहू?"

"भूल नको, असं कागदावर लिहा. मग घेते."

"अहो, मी तोंडानं सांगतोय ना?"

"माझ्या आईलाही तोंडानंच सांगितलं होतं."

डॉक्टर बसला, लिहिलं. तिला वाचता यायचं थोडंफार, मापं आणि आकडे, पण डॉक्टरचं अक्षर कुणाच्या बापाला लागतं! ती हात तसाच वर ठेवून ताईला म्हणाली, "तू वाच." ताईनं वाचलं. "परत वाच." ताईनं परत वाचलं. "सही आहे?" आहे. तेव्हा कुठं तिनं डाव्या हातानं उजवा हात धरून, तान्ह्या पोराला पाळण्यात ठेवावं तसा खाली आणला.

पुढे बावीस वर्षं तिनं एक सकाळ सोडली नाही. वर्षभरात तो हात कानाला टेकला, त्या हातानं वरचे तागे परत काढायला लागली, आणि कारखान्यात काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना टेबलाभोवती उभं करून माना आणि मनगटं फिरवायला लावायची. लोक म्हणायचे, काय शिस्त आहे मास्तरीणबाईंची. शिस्त कसली! जरा थंडीनं खांदा धरला की रंग उडायचा तिचा, मी पाहिलंय. भीतीनंच करायची ती. पण करायची.

हां, पण मी त्या दिवशीचं सांगत होते. बाहेर आलो आम्ही. मला वाटलं, आता ही ताडताड चालायला लागेल. तर दवाखान्याच्या दाराबाहेरच्या पायरीवर तिनं बसकण मारली. तिला धरायला वाकले ती मीही शेजारी बसले. दोघी पायरीवर, एकमेकींच्या गळ्यात पडून, अशा रडतोय की बोलायची सोय नाही. येणारे-जाणारे वळसा घालून जात होते. एक म्हातारी थांबली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "कोण गेलं गं तुमचं?"

वन्संनी नाक पुसलं, ते उजव्या हातानं, आणि म्हणाल्या, "कुणी नाही हो मावशी. आम्ही दोघी घरी चाललोय."